घास अडकणं म्हणजे रोज्याचा थकवा नव्हे

मगरिबच्या अजानला दोन-तीन मिनिटं उरलेली असतात. दस्तरखानावर खजूर, कलिंगडाच्या फोडी, भजी, समोसे आणि शरबताचे ग्लास मांडलेले असतात. अजान होते. घरातले सगळ्यांत वडीलधारे अब्बा खजूर तोंडात घालतात, बराच वेळ चावत राहतात आणि शरबताच्या मोठ्या घोटाबरोबर तो खाली ढकलतात. समोशाला हात लावत नाहीत. नंतर जेवतानाही पाव सालनात पूर्ण भिजवून घेतात आणि प्रत्येक घासामागे पाणी पितात. सून आग्रह करते, "अब्बा, एक कबाब तरी घ्या ना." अब्बा हात हलवतात, "नको बेटा, रोज्यात भूकच मरून जाते."

घरातल्यांना ते पटतं. वय झालंय, दात गेलेत, दिवसभराचा उपास आहे. ईदला शिवलेला सदरा अंगावर सैल झाला, तरी 'रमजानमध्ये वजन उतरतंच' एवढंच म्हटलं जातं.

हे अब्बा कुणी एक माणूस नव्हेत. ते कोणत्याही मोहल्ल्यात भेटतात. शेजारच्या आळीत ते चातुर्मास पाळणारे आजोबा असतात, तर कधी सोमवार-गुरुवार करणारी मावशी. उपास कोणत्याही धर्माचा असो, त्याच्या आडोशाला एक आजार लपू शकतो आणि तो लपू देणं महागात पडतं.

दुःख झालं की मराठीत घास घशाखाली उतरत नाही आणि उर्दूत निवाला हलकातून उतरत नाही. दोन्ही भाषांनी या अडकण्याचं कारण मनात शोधलं. पण कधी कधी घास खरोखरच उतरत नसतो आणि त्याचं कारण छातीच्या आत, एका २५ सेंटिमीटर लांबीच्या नळीत असतं.

पंचवीस सेंटिमीटरची वाट

अरबी वैद्यकात तिला 'मरी' म्हणतात, मराठीत अन्ननलिका. घशापासून निघून श्वासनलिकेच्या मागून, पाठीच्या कण्याच्या पुढून ती छातीत उतरते. छाती आणि पोट यांच्यामध्ये जो स्नायूंचा पडदा आहे, त्यातल्या छिद्रातून ती खाली जाते आणि जठराला मिळते.

ही नळी म्हणजे नुसता पाइप नव्हे. गिळलेला घास तिच्यातून आपोआप घरंगळत जात नाही. नळीच्या भिंतीतले स्नायू एकामागून एक आवळत जातात आणि लाटेसारखा त्याला आठ-दहा सेकंदांत खाली पोहोचवतात. म्हणूनच आडवं झोपूनही पाणी गिळता येतं. नळीच्या दोन्ही टोकांना वर्तुळाकार स्नायूंचे दरवाजे आहेत. खालचा दरवाजा घास आला की उघडतो आणि एरवी मिटलेला राहतो, जेणेकरून जठरातलं आम्ल वर येऊ नये.

अन्ननलिकेच्या आतलं अस्तर तोंडाच्या आतल्या अस्तरासारखंच असतं, म्हणजे चपट्या पेशींचे एकावर एक थर. घासाचं घर्षण सोसायला ते उत्तम. जठराला आम्लापासून वाचायला चिकट द्रवाचं जाड आवरण मिळालं आहे, तसं मात्र या नळीला मिळालेलं नाही. या एका फरकातून तिचे अर्धे आजार जन्माला येतात.

जळजळ कुठून येते

सगळ्यांत जास्त आढळणारा त्रास म्हणजे छातीतली जळजळ. आपल्याकडे त्याला सरसकट 'पित्त' म्हणतात. प्रत्यक्षात वर येतं ते मुख्यतः जठरातलं आम्ल. पोट तुडुंब भरलं की खालचा दरवाजा घास नसतानाही मध्येच सैल पडतो आणि आंबट पाणी वर उसळतं. काहींच्या बाबतीत पडद्यातलं छिद्र रुंदावतं आणि जठराचा वरचा भाग त्यातून छातीत सरकतो. मग दरवाजाची पकड आणखी ढिली होते. लठ्ठपणा, गरोदरपण आणि तंबाखू यांनीही हा त्रास वाढतो.

रमजानमध्ये जळजळ वाढली की दोष रोज्याला दिला जातो. खरा दोष बहुतेक वेळा दिवसाच्या दोन टोकांचा असतो. इफ्तारला घाईघाईनं तळलेलं खायचं, त्यावर दोन ग्लास शरबत, तासाभरात बिर्याणी. तेलकट अन्न जठरात जास्त वेळ रेंगाळतं. पहाटे सहरीला पुन्हा पोटभर खायचं आणि फजरची नमाज होताच आडवं व्हायचं. उभं असताना आम्लाला वर चढावं लागतं. झोपल्यावर त्याची वाट सपाट होते. मराठीत 'एकादशी, दुप्पट खाशी' असं उगाच म्हणत नाहीत. इस्लामी शिकवणही तेच सांगते: पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा.

वारंवार आम्ल लागलं की अस्तर झिजतं आणि ती झीज भरून काढण्यासाठी त्याची धावपळ सुरू होते. अशा अस्तराचा छोटा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तळाचा थर जाड झालेला दिसतो, खालचे बोटांसारखे उंचवटे वर लांबलेले दिसतात आणि सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशी मधूनमधून शिरलेल्या दिसतात. त्रास वर्षानुवर्षं चालला की व्रण पडतात. व्रण भरताना वण राहतो, वण आकसतो आणि नळी अरुंद होते. जळजळीपासून सुरू झालेला आजार असा घास अडकण्यापर्यंत येतो.

उपाय साधे आहेत. खजूर-पाण्यानं रोजा सोडून थोडं थांबावं, जेवण बेताचं असावं, जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर राहावं. सहरीनंतर झोपायचंच असेल, तर पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करावी आणि डाव्या कुशीवर झोपावं. आम्ल कमी करणाऱ्या बहुतेक गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या असतात. रमजानमध्ये त्या कधी घ्यायच्या, हे डॉक्टरांना विचारून ठरवावं. आणि एक गोष्ट विसरू नये: छातीत दाब, घाम, धाप, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणारी कळ ही लक्षणं असतील, तर ते 'पित्त' समजून घरी बसू नये. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो.

एका सर्जनची चूक आणि कबुली

आम्लाचा मारा सोसता सोसता काहींच्या अन्ननलिकेचं अस्तर आपलं रूपच बदलतं. चपट्या पेशी जाऊन तिथे आतड्यातल्यासारख्या उंच, चिकट द्रव बनवणाऱ्या पेशी येतात. आम्ल सोसायला त्या बऱ्या. पण त्या जागी उपऱ्या असतात आणि पुढे त्यांच्यातून कर्करोग होण्याची शक्यता थोडी वाढते. या स्थितीला 'बॅरेट' असं नाव आहे.

नॉर्मन बॅरेट हे लंडनचे सर्जन. १९५० साली त्यांनी असं अस्तर असलेल्या नळीचं वर्णन केलं. पण ती अन्ननलिका नसून वर ओढलं गेलेलं जठर आहे, असा निष्कर्ष काढला. १९५३ मध्ये अ‍ॅलिसन आणि जॉन्स्टन यांनी दाखवून दिलं की ती अन्ननलिकाच आहे, फक्त तिचं अस्तर बदललेलं आहे. १९५७ मध्ये बॅरेट यांनी ते मान्य केलं. आज हा आजार ज्यांच्या नावानं ओळखला जातो, त्यांचं त्याबद्दलचं पहिलं मत चुकीचं होतं आणि त्यांनी ते बदललं.

'बॅरेट' निघालं म्हणजे कर्करोग झाला, असं मुळीच नाही. बहुतेकांना तो कधीच होत नाही. ठरावीक काळानं दुर्बिणीनं तपासत राहिलं, की बिघाडाची सुरुवात लवकर पकडता येते.

सहरीची शेवटची गोळी

सहरी संपायला एक मिनिट उरलंय आणि गोळी घ्यायची राहिली. पाण्याचा अर्धा घोट, गोळी घशात, नमाज आणि झोप. असं अनेक घरांत होतं. कमी पाण्याबरोबर घेतलेली गोळी अन्ननलिकेतच चिकटून विरघळू शकते आणि त्या जागी अस्तर भाजतं. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविकं, लोहाच्या आणि पोटॅशियमच्या गोळ्या, हाडांच्या ठिसूळपणावर दिली जाणारी अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी, काही वेदनाशामकं ही यातली नेहमीची नावं. दुसऱ्या दिवशी गिळताना छातीच्या मध्यभागी सुरी फिरल्यासारखं दुखतं आणि रोज्यानं घसा सुकला असेल असं वाटतं. गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्यानं घ्यावी आणि निदान अर्धा तास आडवं होऊ नये.

दुसरी सवय बोटं घालून ओकारी काढण्याची. जड जेवल्यावर 'पित्त पाडून टाकलं की मोकळं वाटतं' असं मानणारे पुष्कळ आहेत. जोरात ओकताना अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचं अस्तर चिरून रक्त येऊ शकतं. क्वचित याहून भयंकर घडतं. हॉलंडमधले वैद्य हर्मन बोरहावे यांनी १७२४ साली एका आरमारी सरदाराची हकिकत लिहून ठेवली. भरपेट मेजवानीनंतर त्यानं ओकारीचं औषध घेतलं, ओकताना अन्ननलिकाच फुटली आणि तो दगावला. अशा फुटण्याला आजही बोरहावे यांचंच नाव आहे.

मधुमेह असलेल्यांना, दम्याचा स्टिरॉइडचा पंप घेऊन चूळ न भरणाऱ्यांना आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे त्यांना अन्ननलिकेत बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. अस्तरावर पांढरट थर साचतो आणि गिळताना दुखतं. काही तरुणांच्या नळीत अ‍ॅलर्जीमुळे इओसिनोफिल नावाच्या पेशी गर्दी करतात आणि मटणाचा किंवा पोळीचा घास अचानक अडकून बसतो. शरीरात लोह फार कमी असलेल्या बायकांमध्ये कधी कधी घशाजवळ पातळ पापुद्र्यासारखा अडथळा तयार होतो. घरात सगळ्यांना वाढून शेवटी बसणाऱ्या बाईला घास का लागतो, याचं उत्तर कधी कधी रक्ताच्या साध्या तपासणीत असतं.

दार न उघडणं

एका आजारात नळी मोकळी असते, तिच्यात गाठही नसते, पण खालचा दरवाजाच उघडत नाही. नळीच्या भिंतीतल्या ज्या चेतापेशी त्या दरवाजाला सैल व्हायचा हुकूम देतात, त्याच नाहीशा झालेल्या असतात. अन्न वरच साठतं, नळी फुगत जाते आणि रात्री झोपेत न पचलेलं अन्न उशीवर येतं. एक्स-रेमध्ये खालचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं दिसतं. याला अकॅलेशिया म्हणतात.

इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी १६७४ साली याचं वर्णन केलं. देवमाशाच्या हाडाच्या काडीला टोकाशी स्पंज बांधून त्यांनी रुग्णाला दिला. रुग्ण जेवायचा आणि त्या काडीनं अन्न खाली ढकलायचा. आज फुग्यानं दरवाजा ताणता येतो किंवा त्याचे स्नायू छेदता येतात. ही शस्त्रक्रिया अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये केली आणि २००८ मध्ये जपानच्या हारुहिरो इनोऊए यांनी तेच काम तोंडातून घातलेल्या दुर्बिणीनं करून दाखवलं.

या आजाराची एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे: पातळ आणि घट्ट, दोन्ही सुरुवातीपासून अडतात. गाठीचं तसं नसतं.

उशिरा बोलणारी गाठ

अन्ननलिकेचा कर्करोग प्रामुख्यानं दोन प्रकारचा. एक मूळच्या चपट्या पेशींचा. भारतात हाच अधिक. दुसरा ग्रंथीच्या पेशींचा, खालच्या टोकाला, बहुधा बॅरेटच्या वाटेनं येणारा. पाश्चात्त्य देशांत हा वाढला आहे. पहिल्याची मुख्य कारणं तंबाखू, दारू आणि सुपारी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी लाल पिचकाऱ्यांनी रंगलेले जिने कोणत्याही गावात दिसतात. तंबाखू फक्त तोंडच बिघडवते हा गैरसमज आहे; तिच्या रसाची पुढची वाट अन्ननलिकेतूनच जाते.

चौथं कारण अनेकांना नवं वाटेल: चटका देणारं पेय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेयांना 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं. दोष चहा-कॉफीचा नव्हे, उष्णतेचा. कॅस्पियन समुद्राजवळच्या इराणच्या गोलेस्तान प्रांतात हा कर्करोग फार आढळतो आणि तिथल्या कढत चहाचा त्याच्याशी असलेला संबंध संशोधकांनी तपासला आहे. काश्मीरमध्येही हा आजार जास्त आहे आणि तिथल्या गरम, खारट नून चायकडे बोट दाखवलं जातं. तरावीहनंतर चौकातल्या टपरीवर वाफाळता चहा घेताना घाई करू नये. बशीत ओतून, फुंकर घालून पिण्याची आपली जुनी पद्धत काहींना गावंढळ वाटते. अन्ननलिकेला मात्र तीच मानवते.

ही गाठ उशिरा बोलते, कारण नळी ताणली जाऊ शकते. आतली वाट साधारण १३ मिलिमीटरपेक्षा अरुंद झाली, की मगच घट्ट घास अडू लागतो. आधी भाकरी आणि मटण, मग मऊ भात, शेवटी पाणीसुद्धा. त्यात अन्ननलिकेभोवती आतड्याला असतं तसं बाहेरचं आवरण नसतं. गाठ भिंतीबाहेर पडली की शेजारी थेट श्वासनलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या. म्हणून पहिल्या अडकलेल्या घासापासून दवाखान्याच्या दारापर्यंत जाणारा वेळ मोलाचा असतो.

बाराव्या शतकात सेव्हिलचे हकीम इब्न जुहर यांनी हा क्रम ओळखला होता: थोडी कळ, गिळायला त्रास आणि हळूहळू पूर्ण अडथळा. अशा रुग्णाला चांदीच्या नळीतून पातळ अन्न देण्याचा मार्ग त्यांनी लिहून ठेवला. दुर्बीण नव्हती, भूल नव्हती. त्यांच्याकडे होतं ते रुग्णाचं म्हणणं नीट ऐकून घेणारे कान.

आणि रमजानमध्ये नेमकं तेच ऐकू येईनासं होतं. दिवसभर काही खायचंच नसतं, त्यामुळे दुपारचा अडकलेला घास कुणाला दिसत नाही. इफ्तारला शरबत, हलीम, खिचडा, फालुदा, सगळं पातळ आणि मऊ. वजन उतरलं तर ते रोज्याच्या खात्यावर जमा. आजार लपायला याहून सोयीचा महिना नाही.

सवलत आहे, ती घ्यावी

घास अडकत असेल, गिळताना दुखत असेल, कारण नसताना वजन घटत असेल, ओकारीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काळं येत असेल, शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, रक्त कमी निघालं असेल, तर ईदपर्यंत थांबायचं कारण नाही. यकृत खराब झालेल्यांच्या अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा फुटूनही रक्ताची ओकारी होते. तेव्हा तर तडक रुग्णालय गाठायचं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळही तपासून घ्यावी. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी आग शांत होते, म्हणून कारण गेलं असं होत नाही.

दुर्बिणीच्या तपासणीला लोक भितात. घसा बधिर करून बोटाएवढी लवचिक नळी आत घालतात आणि बहुधा काही मिनिटांत काम होतं. गरज पडली तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासायला देतात. तुकडा काढल्यानं कर्करोग पसरतो, ही भीती खरी नाही. उलट सूज, बुरशी, अ‍ॅलर्जी, बॅरेट की कर्करोग, हा निवाडा तो तुकडाच करतो.

आजारी माणसाला रोज्यातून सवलत खुद्द कुरआननं दिली आहे. बरं झाल्यावर सुटलेले रोजे पूर्ण करता येतात आणि बरं होण्याची आशाच नसेल, तर फिदया देता येतो. नेमका प्रश्न असेल, तर डॉक्टर आणि जाणकार आलिम, दोघांनाही विचारावं. देवानं दिलेली सवलत नाकारून दुखणं अंगावर काढण्याला इबादत म्हणत नाहीत.

तंबाखू खाणाऱ्यांसाठीही या महिन्याचा एक निरोप आहे. जो माणूस पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पुडीला हात लावत नाही आणि असं महिनाभर करतो, त्यानं तंबाखूवाचून राहता येतं हे स्वतःलाच दाखवून दिलेलं असतं. प्रश्न उरतो तो इफ्तारनंतरच्या पहिल्या पुडीचा.

आज संध्याकाळी पुन्हा दस्तरखान पसरेल. अब्बा पुन्हा कबाब नको म्हणतील. तेव्हा आग्रह करण्याऐवजी सुनेनं जवळ बसून हळूच विचारावं, "अब्बा, घास अडकतो का?" शेजारच्या आळीत आजोबांना आणि मावशीलाही कुणीतरी हेच विचारावं. उत्तर देताना त्यांनी क्षणभर जरी नजर चुकवली, तर उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचं.